संधिवात आहे, डोळे कोरडे पडलेत. आजारामुळे, गोळ्यांमुळे की वयामुळे?

बार्शीकरीण

नमस्कार. वय ४७, बार्शीत एका पतसंस्थेत काउंटरला असते. आठ वर्षांपासून संधिवात आहे, म्हणजे आरए. मेथोट्रेक्सेट १५ आठवड्यातून एकदा, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, आणि सुरुवातीपासून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० रोज. वजन ४८ किलो. सांध्यांचं म्हणाल तर बरं चाललंय, सकाळी बोटं थोड्या वेळात मोकळी होतात. तक्रार डोळ्यांची आहे.

गेलं वर्षभर डोळ्यांत सतत कचरा गेल्यासारखं खुपतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, कोपऱ्यात चिपडं आणि पांढऱ्या चिकट तारा. दुपारी चारनंतर पासबुकातले आकडे पुसट व्हायला लागतात. डोळे मिचकावले की क्षणभर स्पष्ट, की परत पुसट. आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात एसी बसवला, तो नेमका माझ्या काउंटरवर तोंड करून आहे. आणि गंमत म्हणजे स्कूटीवर बसले की डोळ्यांतून पाणी वाहतं. मग हे डोळे कोरडे कसे? चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला, फरक शून्य. मेडिकलमधून डोळ्यांना गार वाटणारा ड्रॉप आणला. घातला की बरं वाटतं, तासाभरात पहिले पाढे पंचावन्न. दिवसातून आठ-दहा वेळा घालणं होतं. जाऊबाई म्हणतात गुलाबजल घाल.

सांध्यांच्या डॉक्टरांकडे सोलापूरला तीन महिन्यांनी जाते. तिथे एवढी गर्दी, की डोळ्यांचं सांगायचं राहूनच जातं. एकदा सांगितलं तर म्हणाले, आरएमध्ये होतं असं. गावातले डॉक्टर म्हणतात, पाळी गेली की होतं असं (माझी जाऊन दीड वर्ष झालं). मुलगा म्हणतो, कॉम्प्युटरमुळे होतं असं. तिघांचंही ऐकून घेतलं, पण नक्की कशामुळे ते कळत नाही.

बाकीच्या गोळ्या विचारतील म्हणून लिहिते. धुळीच्या सर्दीसाठी रात्री सेटिरिझिन, आणि पायांत मुंग्या येतात, झोप लागत नाही म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन १०. अजून एक, याचा संबंध नसेल कदाचित. हल्ली ज्वारीची भाकरी ताकाच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही. आणि यावर्षी दोन दाढा हिरडीलगत किडल्या, ज्या कधी किडल्या नव्हत्या.

मी_सुधाकर

ताई, पाणी भरपूर प्या आणि मोबाईल कमी करा. माझे डोळे आठ दिवसांत बरे झाले. काळजी नसावी.

निवृत्त नेत्रवाली

सुधाकरराव, तुम्हाला आरए नाही. त्यांना आहे. दोघांना एकच औषध लागू पडेल कसं?

ताई, मी डॉक्टर नव्हे. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होते, आता निवृत्त. आयुष्य नंबर काढण्यात, मोतीबिंदूची शिबिरं करण्यात आणि डोळ्यांत कागदाच्या पट्ट्या अडकवण्यात गेलं. त्यातलं जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगते, निदान तुमचे डॉक्टर करतील.

आधी तुमच्या त्या गमतीचं. डोळ्यातलं पाणी दोन तऱ्हेचं असतं. एक, जे रात्रंदिवस पातळ थरासारखं पसरलेलं असतं, आपल्याला कळतही नाही. दुसरं, धूर लागला, वारा लागला, खडा गेला की धावून येतं ते. पहिलं कमी पडलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा उघडा पडतो. त्यात नसांचं जाळं इतकं दाट, की जराशा वाऱ्याने कळ जाते आणि दुसरं पाणी धो धो येतं. पण ते टिकत नाही, गालावर उतरतं. त्यामुळे "डोळ्यांतून पाणी येतं" म्हणत आलेल्या कित्येकांचं निदान कोरडे डोळे असं निघतं. मिचकावल्यावर क्षणभर स्पष्ट दिसणं हीसुद्धा त्याचीच खूण. नंबर चुकला असता तर मिचकावून सुधारला नसता. चष्मेवाल्याच्या हे लक्षात यायला हवं होतं.

आता कशामुळे. तुम्हाला तिघांनी तीन कारणं सांगितली. माझा अनुभव असा की आरएवाल्या बाईच्या डोळ्यांत ही तिन्ही एकाच वेळी असू शकतात, वर चौथं-पाचवंही. म्हणून "होतं असं" हे उत्तर मला कधीच पटलं नाही. कुठलं किती, हे तपासल्याशिवाय औषध तरी कशावर करायचं?

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही "संबंध नसेल कदाचित" म्हणून शेवटी टाकलीय. कोरडा घास ताकाशिवाय उतरत नाही, आणि हिरडीलगत दाढा किडल्या. म्हणजे लाळही कमी झाली असावी. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडं, त्यात आरए. इथे शोग्रेनचा विचार करायलाच हवा. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. १९३३ साली त्यांनी प्रबंधात १९ बायकांचा अभ्यास मांडला, त्यातल्या बहुतेकींना कोरड्या डोळ्यांबरोबर सांधेदुखी होती. या आजारात शरीराच्याच पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथीत आणि लाळग्रंथीत घुसून बसतात, ग्रंथी हळूहळू काम सोडते. आरए, ल्युपस, स्क्लेरोडर्मा अशा, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांच्या जोडीने तो येतो, तसा एकटाही येतो. एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारायचे, तुम्हालाही विचारते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं का? रडू आलं की येतं का?

पण सगळं शोग्रेनच्या माथी मारू नका. पापणीच्या कडेला, पापणीच्या केसांच्या मागे, तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. मायबोमियन म्हणतात त्यांना. त्या जो स्निग्ध थर सोडतात त्यामुळे अश्रू उडून जात नाहीत. यंत्राखाली पापणी हलकेच दाबली की निरोगी ग्रंथीतून पारदर्शक तेलाचा थेंब वर येतो. तुंबलेलीतून येतं ते हिवाळ्यात डब्यात थिजलेल्या तुपासारखं, काहींतून तर काहीच येत नाही. तेल नाही म्हटल्यावर पाणी पुरेसं असूनही उडून जातं. पाळी गेल्यावर, वय वाढल्यावर हे वाढतं, आणि शोग्रेन असलेल्यांतही ते बऱ्याचदा असतंच. म्हणजे तुमचे गावातले डॉक्टरही अर्धे बरोबर असू शकतात. मुलगाही. स्क्रीनकडे बघताना आपण डोळ्यांची उघडझाप निम्म्याहून कमी करतो, आणि करतो तीही अर्धवट, पापणी खालपर्यंत टेकत नाही. त्यात डोक्यावर एसी. तो झोत तेवढा दुसरीकडे वळवून घ्या, नाहीतर खुर्ची हलवा. यासाठी कुणा डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

आता तुमच्या गोळ्या. सेटिरिझिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन, दोन्ही स्राव सुकवतात. सर्दीची गोळी नाकाचं पाणी थांबवते, ती डोळ्याला का सोडेल? एकेकटी कदाचित चालून जाते, दोन्ही रोज रात्री आणि आधीच ग्रंथी दुबळ्या, म्हणजे भर पडणारच. मात्र अ‍ॅमिट्रिप्टिलिन आपल्या मनाने एकदम बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना "डोळे-तोंड कोरडं पडलंय, दुसरं काही आहे का" एवढं विचारा. पायांतल्या मुंग्यांचंही सांध्यांच्या डॉक्टरांना सांगा. शोग्रेनमध्ये नसांवरही परिणाम होतो, त्यामुळे त्या मुंग्या वेगळ्या धरू नयेत असं मला वाटतं.

तो गार वाटणारा ड्रॉप आजपासून बंद करा. अशा ड्रॉपमध्ये बहुधा लाली घालवणारं, रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. उतरलं की डोळा परत लाल. शिवाय बाटलीत प्रिझर्वेटिव्ह असतं, बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड. दिवसातून एकदा-दोनदा त्याने बिघडत नाही, पण आठ-दहा वेळा घातलं की तेच बुबुळाच्या वरच्या पेशी खरवडतं. तात्पुरते साधे कृत्रिम अश्रू घ्या, सीएमसी किंवा सोडियम हायल्युरोनेटचे, आणि "प्रिझर्वेटिव्ह नसलेले" असं स्पष्ट मागून घ्या. महाग पडतात हे खरं. गुलाबजल, मध, तूप, त्रिफळ्याचं पाणी यातलं काही डोळ्यात घालू नका. जाऊबाईंना माझं नाव सांगा. ते निर्जंतुक नसतं, आणि कोरड्या डोळ्याला जखम भरून काढायची ताकद कमी असते.

याहून गंभीर एक. मेडिकलवाला "डोळा लाल आहे ना, हा घ्या" म्हणून स्टिरॉइडचा किंवा डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक असल्या दुखणं थांबवणाऱ्या ड्रॉपची बाटली पुढे करेल. आरए आणि कोरडे डोळे असलेल्यांत त्या दुखणं थांबवणाऱ्या ड्रॉपने बुबुळाचा पडदा विरघळून पातळ झाल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू येतो. डॉक्टर देतात ते मोजून आणि दाब तपासत देतात. दुकानातून आणायची वस्तू नाही ती.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने डोळे कोरडे होत नाहीत. त्याची भीती आतल्या पडद्याची, रेटिनाची. डोस रोज वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. तुमच्या ४८ किलोला २०० बसतं. पण पाच वर्षांनंतर दरवर्षी रेटिनाची तपासणी लागते, ओसीटी (रेटिनाच्या थरांचा फोटो) आणि नजरेच्या क्षेत्राची. तुम्ही आठ वर्षं घेताय आणि लिहिलंय फक्त नंबर बदलल्याचं. ही तपासणी झालीय का? नसेल तर तेही याच फेरीत करून घ्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा "कोरडेपणाची पूर्ण तपासणी करायची आहे, आरए आहे" असं दारातच सांगा. नाहीतर मोतीबिंदूच्या रांगेत दोन मिनिटांत परत याल. शिर्मरची टेस्ट करतील. गाळणकागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी. तिच्या गोल टोकाला खाच असते, तिथे दुमडायची आणि खालच्या पापणीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात अडकवायची, म्हणजे बुबुळाला घासत नाही. पंखा बंद. पेशंटला म्हणायचं, अलगद डोळे मिटून बसा, बोलू नका. पाच मिनिटांनी काढायची आणि खाचेपासून कुठवर ओली झाली ते मोजायचं. १० मिलिमीटरच्या वर गेली तर बरं, ५ किंवा त्याहून कमी म्हणजे ग्रंथी खरोखर कमी पाणी देतेय. काही जणांची पट्टी खाचेपुढे सरकतच नाही, कोरडी ठणठणीत बाहेर येते. ५ ते १० च्या मधे आली तर ती एकट्याने फार काही सांगत नाही. घाईत पट्टी मध्यावर अडकवली की डोळा चुरचुरतो, खोटं पाणी येतं आणि आकडा चांगला दिसतो. हे मी पुष्कळ पाहिलंय.

मग फ्लुरेसिनचा पिवळा रंग लावून निळ्या उजेडात बघतात. डोळा उघडा ठेवायला सांगतात आणि हिरव्या थरात पहिला काळा ठिपका किती सेकंदांनी पडतो ते मोजतात. दहाच्या आत पडला तर थर टिकत नाही. तुमच्या पासबुकातल्या आकड्यांचं उत्तर त्यात मिळेल. लिसामाइन ग्रीन नावाचा रंग लावला तर पांढऱ्या भागावरच्या दुखावलेल्या पेशी हिरव्या दिसतात.

व्हिटॅमिन ए, हिपॅटायटिस सी ही कारणंही असतात, डॉक्टरांना वाटलं तर बघतील.

शेवटी हे मात्र नीट वाचा. खुपणं, चुरचुरणं हा कोरडेपणा. पण डोळ्यात खोलवर ठणका, झोपेतून उठवणारा, किंवा उजेडाकडे बघवेना, एकाएकी नजर कमी, बुबुळावर पांढरा डाग, असं काही झालं तर तो कोरडेपणा समजून ड्रॉप घालत बसायचं नाही. आरएमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला सूज येते, बुबुळाच्या कडेला व्रण पडतो. त्याच दिवशी डॉक्टर, अगदी रविवार असला तरी.

गोदाकाठ

नेत्रवाल्या ताईंनी एवढं लिहिलंय की माझं काय उरलं. तरी थायरॉइडवाल्यांसाठी एक. मला ग्रेव्हज आहे, थायरॉइड जास्त चालण्याचा आजार, तोही ऑटोइम्यूनच, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तसला. माझ्या डोळ्यांत पाणी कमी नव्हतं, शिर्मर चांगली आली. तरी सकाळी उठताना डोळ्यांत मिठाचे खडे. नाशिकच्या थंडीमुळे असेल म्हणत होतो. मग लेकीने एकदा मी झोपलेलो असताना मोबाईलवर फोटो काढला. डोळे मिटलेत असं मला वाटत होतं, आणि खालून दोन-तीन मिलिमीटरची पांढरी फट सरळ दिसतेय. या आजारात डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजते, डोळा पुढे येतो, वरची पापणी वर ओढली जाते. मग रात्रभर खालचा भाग उघडा सुकत राहतो.

मला रात्री झोपताना डोळ्यात जाडसर मलम आणि पापण्यांवर डॉक्टरांनी दाखवली तशी चिकटपट्टी, एवढ्यावर सकाळ सुसह्य झाली. आणि विडी-सिगारेट असेल तर सोडायचीच. थायरॉइडचा डोळा धुराने बिघडतो हे डॉक्टरांनी मला अतिशय स्पष्ट शब्दांत, बायकोसमोर सांगितलं. बायकोसमोर सांगायची गरज नव्हती.

एक वस्तू दोन दिसायला लागली किंवा रंग फिके वाटले तर मात्र थांबू नका, नस दाबली जात असू शकते.

कोरडी विहीर

नाव वाचून कळलंच असेल. मी पुण्यात, वय ३१, शोग्रेन. मला आरए वगैरे काही नाही, एकटा शोग्रेन. बार्शीकर ताई, भाकरीचं वाचलं आणि थबकले. माझं पोह्यांपासून सुरू झालं. ऑफिसात सगळे पोहे खाताहेत आणि मी प्रत्येक घासाला पाणी.

रक्ताच्या तपासणीबद्दल सांगते, कारण इथे गोंधळ होतो. मागायची ती अँटी-आरओ, म्हणजे अँटी-एसएसए, ही शोग्रेनमध्ये सापडणारी अँटिबॉडी. नुसती एएनए (ऑटोइम्यून आजारांची पहिली चाळणी) करून "निगेटिव्ह आहे, काही नाही" म्हणून सोडू नये, एएनए निगेटिव्ह असूनही आरओ पॉझिटिव्ह असू शकते. उलट आरओ निगेटिव्ह म्हणजे शोग्रेन नाहीच असंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून गुणांची पद्धत ठरवली. आरओला ३, ओठाच्या बायोप्सीला ३, शिर्मर ५ किंवा कमी असेल तर १, रंग लावल्यावर डोळ्यावर दिसणाऱ्या डागांना १, लाळ कमी असेल तर १. एकूण ४ झाले की बसलं. ती अभ्यासासाठी केलेली यादी आहे, डॉक्टर तिच्याबाहेरही निदान करतात, पण कुठली तपासणी किती मोलाची ते त्यातून कळतं.

माझी आरओ निगेटिव्ह आली म्हणून ओठाची बायोप्सी करावी लागली. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं. खालचा ओठ उलटा करून आतल्या बाजूला सुई देतात, छोटीशी चीर, आणि चिमट्याने बारीक लाळग्रंथी चार-पाच उचलतात. मी बाटलीत बघितल्या, पांढुरके दाणे, एवढ्याशा. दोन टाके. काही दिवस तिखट बंद, आणि ओठाला थोडी बधिरता राहिली ती महिनाभराने गेली. ताई, तुम्हाला आरए आहेच, त्यामुळे कदाचित इतकं करावं लागणार नाही. तुमचे डॉक्टर बघतील.

माझ्या वयाच्या कुणी वाचत असतील तर: आरओ पॉझिटिव्ह असेल तर बाळाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोला. ही अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि शंभरात एखाद-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. माहीत असेल तर लक्ष ठेवता येतं. हे आम्हाला लग्नाआधी कुणी सांगत नाही आणि लग्नानंतर सासरचे लोक डोळ्यातल्या ड्रॉपबद्दलच विचारत बसतात.

आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट अशी की माझी पट्टी ३ मिलिमीटर आली त्या काळात दुखत कमी होतं. आता औषधाने डाग कमी झालेत, डॉक्टर खूश, आणि मला जळजळ जास्त होते. डॉक्टर म्हणतात नसाच दुखऱ्या झाल्यात. कोरडेपणा आणि त्रास यांचं प्रमाण जुळत नाही, म्हणून "एवढं काही नाही दिसत" असं कुणी म्हटलं तर रडत घरी जाऊ नका. तसंही पाणी येणार नाही!

बार्शीकरीण

सगळ्यांचे आभार. दोन दिवस वाचतेय परत परत. नेत्रवाली मावशी, तुमचा प्रश्न वाचून मी मुद्दाम काल भाजीला कांदा जवळ धरून चिरला. झोंबलं खूप, पाणी नाही. आणि मग आठवलं, दिवाळीच्या सुमारास मामा गेले तेव्हा मला हुंदके येत होते आणि डोळे नुसते जळत होते. मामी म्हणाली होती, धीराची आहे पोरगी.

रेटिनाची तपासणी कधीच झालेली नाही. कुणी सांगितलंच नाही. एसीचं तोंड मॅनेजरसाहेबांनी वळवून दिलं, आता ते कॅशियरवर आहे, तो कुरकुरतोय. सोलापूरला नंबर लावलाय.

बार्शीकरीण

जाऊन आले. पट्टी उजव्या डोळ्यात ४, डाव्यात ६. रंग लावून बघितलं तर काळा ठिपका तिसऱ्या सेकंदालाच. डॉक्टरीणबाईंनी पापणी दाबून दाखवली, स्क्रीनवर मलाही दिसलं, बऱ्याच ग्रंथींतून काहीच आलं नाही. म्हणजे पाणीही कमी आणि तेलही. आरओचं रक्त पाठवलंय, रिपोर्ट सोमवारी. रेटिना ठीक आहे, दरवर्षी यायला सांगितलं.

सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप दिलेत दिवसातून दोनदा, शिवाय प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रू, आणि गरम कपड्याचा शेक. सांध्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करत बंद करायला सांगितलं, मुंग्यांसाठी नसांची तपासणी लावली. सेटिरिझिन रोजच्या ऐवजी लागेल तेव्हाच, नाकात मारायचा स्प्रे दिलाय.

दोन शंका. सायक्लोस्पोरिन घातलं की मिरची गेल्यासारखं जळतं. हे बरोबर आहे का? आणि शेक किती वेळ द्यायचा, त्या बाई घाईत होत्या.

निवृत्त नेत्रवाली

जळतं, सुरुवातीला बहुतेकांना जळतं. आधी साधे अश्रू घालून पंधरा मिनिटांनी ते घाला, सौम्य वाटेल. ते ग्रंथीतली सूज हळूहळू कमी करतं, त्यामुळे फरक पडायला तीन महिने तरी लागतात, कधी सहा. तीन आठवड्यांत "गुण नाही" म्हणून बाटली ठेवून देणारे फार. मात्र जळणं तासन् तास राहिलं किंवा डोळा सुजला तर फोन करा.

शेक पाच ते दहा मिनिटं. कपडा कोमट नव्हे, सोसेल तेवढा गरम, आणि तो मिनिटभरात गार होतो म्हणून सारखा बदलायचा. दोन कपडे आलटून पालटून घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आधी. त्यानंतर वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, बोटाने हलका दाब. शेक दिला आणि चोळलं नाही तर वितळलेलं तेल आतच राहतं. तुमची बोटं सकाळी आखडतात, तेव्हा हे संध्याकाळी करा.

या सगळ्याने भागलं नाही तर अश्रू वाहून जायच्या भोकांत बारीक बूच बसवतात, पंक्टल प्लग. पण सूज उतरल्याशिवाय बसवायची घाई नको, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक असेलच.

दाढांचं विसरू नका. लाळ कमी म्हणजे दातांची राखण गेली. दातांच्या डॉक्टरांना कोरड्या तोंडाचं सांगा, जास्त फ्लोराइडची पेस्ट देतात. आणि कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात सूज येऊन ती उतरेनाशी झाली तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा, पुढच्या तारखेची वाट न बघता.

सोमवारी रिपोर्ट आला की लिहा.

गोदाकाठ

आणि त्या कॅशियरलाही शिर्मर करायला सांगा.